आर्नल्डचं मांजर

चित्र गुप्त ठेवायचं तर ते किती विस्कटावं? रशियन गणिती व्लादिमीर आर्नल्ड यांनी मांजराच्या चित्रावर एक सूत्र दाखवलं: चित्र तिरकं ताणायचं, कापायचं, पुन्हा चौकोनात बसवायचं. हे पुन्हा पुन्हा केलं की पत्ते पिसावेत तसे ठिपके विखुरतात, मांजर दिसेनासं होतं. पण १२४ गुणिले १२४ ठिपक्यांचं चित्र १५व्या फेरीला जसंच्या तसं परत येतं! शिवाय जागा बदलतात, रंग तेच राहतात. म्हणून जेसिका फ्रिड्रिक यांच्या चित्र गुप्त करण्याच्या १९९८च्या पद्धतीत आणखी एक पायरी आहे: प्रत्येक ठिपक्याचा रंग आधीच्या ठिपक्यानुसार बदलायचा. कल्पना फार सुंदर. तरीही २०१०मध्ये संशोधकांनी ती पद्धत फोडली. तेव्हा आधार कार्डाचा फोटो जपायचा असेल, तर वर्षानुवर्षं कसाला उतरलेली 'एईएस' ही सांकेतिकीकरणाची पद्धतच वापरा.