जुन्या चित्रणाचा जुनेपणा
(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या तरुण सभासदांनी सुवर्णमहोत्सवासाठी एक उपक्रम योजिला आहे. मंडळाचा पहिला गणेशोत्सव पुन्हा उभा करायचा आणि तो व्हिडिओवर न घेता सुपर ८ फिल्मवर चित्रित करायचा. हे चित्रण पन्नास वर्षांपूर्वीचे वाटावे यासाठी काय करावे, याविषयी मी चार शब्द सांगावेत अशी कार्यवाहांची आज्ञा झाली. ‘चार शब्द’ ही मराठी वक्त्यांची जुनी थाप आहे, हे आपण जाणताच.

जुने चित्रण म्हटले की आज डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र येते. पडद्यावर उभ्या रेघा, पाऊस पडावा तसे ठिपके, पिवळट रंग, थरथरणारी चौकट आणि दुडूदुडू धावणारी माणसे. आता तर संगणकावर एक कळ दाबली की कालच्या बारशाच्या चित्रणावरही हा सारा साज चढतो. माझे म्हणणे असे की, यांतली बहुतेक लक्षणे जुन्या चित्रणाची नव्हेतच. त्या त्याला मागाहून झालेल्या इजा आहेत. ज्या संध्याकाळी ते रीळ धुऊन घरी आले आणि भिंतीवर पांढरी चादर टांगून सर्वांना दाखविले गेले, त्या संध्याकाळी त्यावर एकही रेघ नव्हती. तेव्हा आपल्याला १९७५ साल दाखवायचे आहे, की १९७५ सालचे रीळ पन्नास वर्षे ट्रंकेत हाल सोसून आज कसे दिसते ते दाखवायचे आहे, हे आधी ठरविले पाहिजे. मी पहिल्या पक्षाचा आहे.

घरगुती चित्रणाची ही लहान मापे मुळात काटकसरीतून जन्मली. व्यावसायिक चित्रपटांची फिल्म ३५ मिलिमीटर रुंदीची, सामान्य गृहस्थाच्या ऐपतीबाहेरची आणि शिवाय भडकन् पेट घेणारी. फ्रान्समध्ये पाते कंपनीने १९२२ साली साडेनऊ मिलिमीटरची आणि अमेरिकेत कोडॅकने १९२३ साली १६ मिलिमीटरची सुरक्षित फिल्म आणली. १९३२ साली, महामंदीच्या काळात, ८ मिलिमीटर आली. ती १६ मिलिमीटर रुंदीचीच पट्टी असे. एकदा एका कडेने चित्रण करायचे, मग रीळ उलटून दुसऱ्या कडेने, आणि धुतल्यावर पट्टी मधोमध चिरून दोन्ही तुकडे जोडायचे. १९६५ साली सुपर ८ अवतरली. कडेची छिद्रे लहान केल्यामुळे चित्राची जागा सुमारे दीडपट झाली आणि फिल्म बंद कार्ट्रिजमध्ये आल्यामुळे रीळ ओवण्याची कटकट संपली. ५० फुटांच्या या कार्ट्रिजमध्ये ३,६०० चौकटी मावतात. सेकंदाला १८ चौकटी या घरगुती वेगाने त्या ३ मिनिटे २० सेकंदांत संपतात.

ही ३ मिनिटे २० सेकंदे तरुणांनी ध्यानात ठेवावीत, कारण जुनेपणाचे अर्धे रहस्य त्यांत आहे. आपल्याकडे फिल्म मिळणे दुरापास्त होते. कोणाचा भाऊ वा जावई परदेशातून येताना दोन डब्या घेऊन येई, आणि त्यांत मुंज, सहल, दिवाळी असे वर्षभराचे सोहळे बसवावे लागत. म्हणून कॅमेऱ्याची कळ दाबली जाई ती पाचसहा सेकंदांपुरती. मागाहून कापाकापी करण्याची साधने थोड्यांकडेच होती. ज्या क्रमाने घेतले त्याच क्रमाने दिसे. त्यामुळे गणपती पाटावर बसतो न बसतो तोच पुढच्या क्षणी विसर्जनाची मिरवणूक दारात उभी, असे त्या चित्रणात सर्रास घडते. ही घाई, हे तुटकपण कुठल्याही यंत्राने मागाहून आणता येत नाही. तेव्हा आमच्या तरुण मित्रांनी तासभर चित्रण करून त्यातून तीन मिनिटे निवडू नयेत. चार कार्ट्रिजे आणावीत, काय घ्यायचे ते कागदावर लिहून काढावे, क्रमाने घ्यावे आणि दुसरी संधी नाही असे समजावे. हात आपोआप जुना होईल.

आता रंगांकडे वळतो. त्या काळच्या घरगुती चित्रणाचा रंग म्हणजे मुख्यतः कोडॅक्रोम. १६ मिलिमीटरमध्ये ती १९३५ साली आली आणि पुढल्याच वर्षी ८ मिलिमीटरमध्ये. ही रिव्हर्सल जातीची फिल्म. म्हणजे कॅमेऱ्यातून गेलेली पट्टीच धुतल्यावर थेट प्रोजेक्टरवर चढायची, मध्ये निगेटिव्ह नाही आणि प्रतही नाही. तिचा लाल रंग विलक्षण तेजस्वी आणि काळोख गडद. सुपर ८ मधली कोडॅक्रोम २००५ साली बंद झाली, सगळीच २००९ साली, आणि ती धुणाऱ्या शेवटच्या प्रयोगशाळेने, अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावी, २०१०च्या अखेरीस काम थांबविले. आज कोणाच्या कपाटात तिचे कोरे कार्ट्रिज निघाले तरी त्याच्या मूळ रंगांत ते धुऊन मिळणार नाही. मात्र एक्टाक्रोम ही रिव्हर्सल फिल्म कोडॅकने २०१८ साली पुन्हा बाजारात आणली. आपल्या कामासाठी मी तीच सुचवीन. निगेटिव्ह फिल्म अधिक सोशिक असते, उन्हातले आणि सावलीतले दोन्ही तपशील ती सांभाळून घेते. पण नेमका तोच समंजसपणा आपल्याला नको आहे. त्या काळच्या चित्रणात मंडपाच्या आतली माणसे काळोखात बुडत आणि बाहेरचे अंगण पांढरेफेक होई. रिव्हर्सल फिल्म हे आपण होऊन करते.

एक सावधगिरी मात्र घ्यावी. अनेक साधे सुपर ८ कॅमेरे फिल्मच्या ४० आणि १६० या दोनच संवेदनक्षमता ओळखतात. एक्टाक्रोम आहे १०० ची. कॅमेऱ्याने ती १६० समजली, तर चित्र दोनतृतीयांश स्टॉपने काळवंडते. काही कॅमेऱ्यांचे प्रकाशमापक ज्या पाऱ्याच्या बॅटऱ्यांवर चालत त्याही आता बनत नाहीत. म्हणून हातातला स्वतंत्र प्रकाशमापक सुमारे १/४० सेकंदावर लावून मोजणी करावी. फार तर तृतीयांश स्टॉप कमी प्रकाश द्यावा, रंग भरदार येतात. कॅमेऱ्यातला नारिंगी फिल्टर बाजूला सारायला विसरू नये. तो जुन्या, दिव्याच्या उजेडासाठी बनविलेल्या फिल्मला उन्हात वापरता यावे म्हणून बसविलेला असे. एक्टाक्रोम उन्हासाठीच बनविलेली आहे.

घरातल्या प्रसंगांना काय करावे? तेव्हा लोक कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक प्रखर दिवा लावीत. आरतीच्या वेळी तो पेटला की सगळ्यांचे डोळे मिचमिचत आणि मागच्या भिंतीवर प्रत्येकाची काळी सावली उभी राही. आजचे छायाचित्रकार असा उजेड पाहून नाक मुरडतील. त्यांना मुरडू द्यावे. तसलाच एकुलता दिवा, तितकाच जवळ, तितकाच निर्दय असावा. दिवा पिवळट उजेडाचा असेल तर एक्टाक्रोमपुढे निळा फिल्टर लावावा लागेल आणि त्यात दोन स्टॉप प्रकाश जाईल. १०० ची फिल्म २५ ची होईल. म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांच्या ४० च्या कोडॅक्रोमपेक्षाही अधिक अडचणीत आपण असू.

पण सर्वांत अवघड भाग माणसांचा. त्या काळी कॅमेरा म्हणजे फोटो, आणि फोटो म्हणजे स्तब्ध उभे राहणे. चलच्चित्राचा कॅमेरा समोर आला तरी मंडळी पदर सारखा करून, टोपी नीट करून रांगेत ताठ उभी राहत. मग कॅमेरेवाला ओरडे, ‘अहो, हला जरा!’ आणि सगळे एकदम अवघडून हसत, कोणी नमस्कार करी, एखादे पोर चौकटीतून सुसाट पळे. आजच्या मुलांचे चेहरे मोबाइलपुढे घडलेले आहेत. कॅमेरा दिसताच ते सराईत होतात. त्यांना तो संकोच शिकवावा लागेल, आणि हे काम लेन्सचे नसून दिग्दर्शकाचे आहे. वेषभूषेविषयी बोलायला नको. एवढेच सांगतो की मागे कुठे फ्लेक्सचा फलक किंवा पाण्याची प्लॅस्टिकची बाटली दिसली की सारे मुसळ केरात.

उपक्रमात मूकपटाच्या थाटाचा एक नाट्यप्रवेशही आहे, दादासाहेब फाळक्यांना मानवंदना म्हणून, असे कळते. कल्पना सुंदर आहे, पण तेथे गल्लत होऊ नये. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांनी पाहिला तो ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर. त्या फिल्मची एक चौकट सुपर ८ च्या चौकटीच्या अठरापट तरी मोठी. म्हणजे सुपर ८ मध्ये दिसणारे वाळूसारखे कण हा तिच्या लहानपणाचा गुण. तो फाळक्यांच्या चित्रांवर लादणे अन्यायाचे होईल. या प्रवेशापुरता १६ मिलिमीटरचा कॅमेरा मिळाला तर उत्तम. कॅमेरा तिपाईवर निश्चल ठेवावा, झूम वर्ज्य, पात्रे डोक्यापासून पायापर्यंत दिसावीत, उजेड उन्हाचा आणि वरून पांढरे कापड ताणून मऊ केलेला. त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे. आजच्या कृष्णधवल ट्राय-एक्सवर निळसर-हिरवा फिल्टर लावून प्रकाश वाढवावा, म्हणजे आकाश पांढरे आणि तारामतीचे कुंकू काळे येईल. ते काळे कुंकू शंभर खोट्या रेघांपेक्षा अधिक बोलेल. आणि माणसे धावताना दाखवू नयेत. मूकपट सुमारे १६ चौकटींच्या वेगाने घेतलेले, पुढे बोलपटांच्या २४ च्या वेगाने दाखविले गेले म्हणून ती धावू लागली. सुपर ८ चे रूपांतर करतानाही हीच चूक होते. १८ चा वेग १८ चाच राखण्यास सांगावे.

तरीही काही खुणा हव्याच असतील, तर खऱ्या असाव्यात. कॅमेरा वेग घेताना प्रसंगाची पहिली चौकट पांढरी उजळते, ती ठेवावी. जुन्या ८ मिलिमीटरमध्ये रीळ उलटताना टोकांना प्रकाश शिरून नारिंगी ज्वाळ दिसे. पण ती टोकांनाच. मध्येच आरतीवर अशी ज्वाळ आणली तर जाणकार हसतील. रिव्हर्सल फिल्मवरची धूळ पडद्यावर काळी दिसते, निगेटिव्हवरची पांढरी. घरगुती रिळावर पांढरे ठिपके शिंपडणाऱ्याने एवढे तरी पाहावे. रंग गुलाबी-तांबूस करण्याचीही एक टूम आहे. काही जातींच्या फिल्मचा निळसर रंग उडाल्याने तसे होते हे खरे, पण अंधारात जपलेली कोडॅक्रोम आजही ताजी आहे. आजीची साडी त्या दिवशी लालच होती. तिला विटकी करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

येथेच मला एक भीती बोलून दाखवावीशी वाटते. आपल्यांतल्या काही घरांत त्या वर्षांची खरी रिळे आहेत. घरापासून इतक्या दूर जमलेल्या आपल्या माणसांचे चेहरे, त्यांतले बरेच आज नाहीत, त्या पट्ट्यांवरच उरले आहेत. आपले नवे चित्रण साधले तर ते खऱ्याच्या शेजारी ठेवल्यावर ओळखू येणार नाही. पुढल्या पिढीने कोणाला आजोबा समजावे? म्हणून चित्रणाच्या आरंभी, फिल्मवरच, पाटी लिहून चित्रित करावी: हे पुनर्चित्रण आहे, अमुक साली केलेले. डब्यावरची चिठ्ठी गळून पडते, फिल्मवरची पाटी पडत नाही. आणि पैसे अपुरे असतील तर आधी ती खरी रिळे संगणकावर उतरवून घ्यावीत, नवे चित्रण मागाहून. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर पट्टी कुजू लागली आहे असे समजून ते रीळ इतरांपासून वेगळे, थंड आणि कोरड्या जागी ठेवावे. जुन्या प्रोजेक्टरवर, हौसेखातरसुद्धा, चढवू नये; आकसलेली पट्टी दातऱ्यांत अडकून फाटते.

चार कार्ट्रिजांपैकी तीन पुनर्चित्रणाला पुरतील. चौथ्यावर आजचे मंडळ घ्यावे, आहे तसे, फ्लेक्सच्या फलकासकट, मोबाइल उंचावलेल्या हातांसकट. विमानाने पाठविणार असाल तर कार्ट्रिजे सामानात न टाकता हातात ठेवावीत आणि तपासणी हाताने करण्याची विनंती करावी. नव्या क्ष-किरण यंत्रांनी न धुतलेली फिल्म धुरकटते. आणि धुऊन आलेली मूळ पट्टी, रूपांतर झाल्यावरही, फेकू नये. मंडळाच्या कपाटात तिच्यासाठी एक कोरडा कप्पा आजच राखून ठेवावा, अशी कार्यवाहांना माझी विनंती आहे.