परक्या समुद्राने शिकविलेले काही धडे
(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



मस्कतच्या वास्तव्याविषयी आम्ही चार शब्द सांगावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. परदेशी राहून आलेल्या माणसाने अशा प्रसंगी पगार, भाडे, उन्हाळा आणि सोन्याचा भाव यांविषयी बोलावे अशी साधारण प्रथा आहे. ती मोडण्याची परवानगी आम्ही अध्यक्षांकडून आधीच घेतली आहे. आज आम्ही बोलणार आहोत ते समुद्राविषयी. तेथील बेटांविषयी आणि पाण्याच्या पोटात उतरण्याच्या त्या विद्येविषयी, जिला 'स्कूबा' म्हणतात.

आपण सारे वसईचे, आगाशीचे, अर्नाळ्याचे, विरारचे. भरतीची गाज ऐकत आपण लहानाचे मोठे झालो. तथापि आपल्या वाडीवाल्या घरांतून समुद्राशी नाते किती, असा प्रश्न केला तर उत्तर देणे अवघड जाईल. समुद्र हा कोळी बांधवांचा. आपला जीव केळीत, पानवेलीत आणि मोगऱ्यात. आपण समुद्राला नारळी पौर्णिमेस नमस्कार करतो, गणपती पोहोचवितो आणि पाठ फिरवून घरी येतो. आमच्या पिढीला पोहणे आले ते बावखलात व विहिरीत, पाठीला रिकामा डबा बांधून. समुद्राच्या बाबतीत वडिलांची आज्ञा एकच असे : गुडघ्यापुढे जायचे नाही. ती आज्ञा चुकीची नव्हती. वैतरणा आणि उल्हास या नद्यांचा गाळ आपल्या किनाऱ्यावर येऊन पडतो, भरती-ओहोटीचा ओढ मोठा असतो आणि पाण्यात हातभर अंतरावरचे दिसत नाही. जे दिसत नाही त्याचे भय वाटावे, हा मनुष्यस्वभावच आहे.

पुढे पोटापाण्यासाठी आम्ही ओमानात गेलो. कर्कवृत्त मस्कतच्या अगदी जवळून जाते; म्हणजे उष्ण कटिबंधाची ती उंबरठ्यावरची जागा. तेथे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात जुन्या बंदरावरचे जलाली व मिरानी हे दोन किल्ले पाहिले आणि मनात आले की ही बांधणी आपण कोठेतरी पाहिली आहे. पाहिली होती ती वसईच्या किल्ल्यात! मस्कत 1507 पासून 1650 पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. वसई त्यांस 1534 च्या तहाने मिळाली आणि 1739 साली चिमाजी आप्पांनी ती सोडविली. एवढेच नव्हे, मस्कतहून पोर्तुगीजांना हाकलल्यावर त्याच अरबांचे आरमार 1674 साली वसईवर चालून आले आणि किल्ल्याबाहेरची देवळे त्यांनी लुटली. तटाच्या आतले शिपाई बाहेर पडले नाहीत. तेव्हा मस्कत आपणांस परके असले, तरी अगदी अनोळखी नाही.

आमच्या बेटांच्या सफरींना आरंभ झाला तो एका ओमानी सहकाऱ्याच्या आग्रहामुळे. मस्कतच्या पश्चिमेस, सीब व बरका यांच्या किनाऱ्यासमोर सुमारे 18 किलोमीटरवर 'दीमानियात' नावाच्या नऊ बेटांची ओळ आहे. 1996 पासून ते सरकारी अभयारण्य आहे. तेथे जाण्यास परवाना लागतो; उन्हाळ्यात कासवे अंडी घालण्यास वाळूवर येतात, म्हणून त्या काळात बेटांवर पाऊल ठेवण्यास मनाई असते. नियम कडक आहेत आणि ते पाळले जातात, हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

शुक्रवारी सकाळी होडी निघे. आमच्या डब्यात घरून आलेली आगाशीची सुकेळी असत. होडीच्या वृद्ध तांडेलाने एक सुकेळे तोंडात टाकून पाहिले आणि हे कोणते फळ म्हणून विचारले. केळे, असे सांगता तो हसू लागला. त्याचा विश्वास बसेना. मग त्याने खजूर पुढे केला, कहव्याची वाटी भरली आणि सांगितले की, त्याचा आजा गलबतातून खजूर घेऊन मुंबईस जात असे व परतताना साग आणि तांदूळ आणीत असे. आमची आगाशी एके काळी जहाजबांधणीचे गाव होती व 1530 च्या सुमारास पोर्तुगीजांनी ती लुटली होती, हे आम्ही त्यास सांगितले. त्या दिवसापासून त्याच्या होडीत आमची जागा ठरलेली असे.

आता त्या विद्येविषयी. मोती काढणारे पाणबुडे पूर्वी नाक दाबून, पायाला दगड बांधून, एका श्वासात तळ गाठीत. आखाताचे ते मोती मुंबईच्या बाजारात येत. 1943 साली फ्रान्समध्ये झाक कूस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी असे यंत्र सिद्ध केले की, पाठीवरच्या नळकांड्यातील दाबलेली हवा पाणबुड्यास हवी तेव्हा व हवी तितक्याच दाबाने मिळावी. आजची सारी साधने त्या यंत्राचीच वंशज आहेत. नळकांड्यात असते ती साधी हवा. पुष्कळ लोक समजतात तसा शुद्ध प्राणवायू नव्हे.

या विद्येचे मर्म दाबात आहे. जमिनीवर आपल्यावर हवेचा जितका दाब असतो, तितकाच आणखी दाब समुद्रात दर दहा मीटरला वाढतो. वीस मीटर खाली तो तिप्पट होतो. दहा मीटरवर छातीभर घेतलेली हवा, श्वास कोंडून वर आल्यास, दुप्पट जागा मागू लागते आणि फुप्फुस फाटू शकते. म्हणून पहिला नियम : श्वास कधीही कोंडावयाचा नाही. दुसरा नियम नत्रवायूचा. दाबाखाली हवेतील नत्रवायू रक्तात व शरीरात विरघळतो. सावकाश वर आल्यास तो श्वासावाटे निघून जातो. घाईने वर आल्यास गोटी सोड्याची बाटली फोडावी तसे त्याचे बुडबुडे अंगात सुटतात. त्याने सांधे दुखतात, प्रसंगी पक्षाघात होतो आणि प्राणही जातो. यासाठी हळूहळू वर यावयाचे आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावयाचे.

आम्ही हे शिकलो ते वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. वैद्यकीय प्रश्नपत्रिका भरली, चार दिवस धडे घेतले, खुणा पाठ केल्या. पाण्यात बोलता येत नाही. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'उत्तम' नव्हे, 'वर चला' असा होतो. आपल्या सवयीप्रमाणे आम्ही पहिल्याच दिवशी आनंदाने अंगठा दाखविला आणि शिक्षक आम्हांस घेऊन वर आले!

दुसऱ्या दिवशीची गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. सहा मीटर खोलीवर आमच्या डोळ्यांवरच्या काचेत पाणी शिरले, नाकात गेले आणि बावखलात पहिल्यांदा बुडालो होतो तेव्हाचे भय एकदम उसळून आले. श्वास कोंडून वर झेप घ्यावी, एवढाच विचार राहिला. शिक्षकांनी आमचा खांद्याचा पट्टा घट्ट धरला, डोळ्यांत डोळे घालून छातीवरून हात बाहेर नेत 'श्वास सोडा, श्वास घ्या' अशी खूण केली आणि आम्ही शांत होईपर्यंत पट्टा सोडला नाही. त्या अर्ध्या मिनिटात आम्हांस कळले की, समुद्रात माणूस पुष्कळदा पाण्याने मरत नाही, घाबरून मरतो.

त्यानंतर जे पाहिले त्याचे वर्णन किती करावे? पाणी इतके स्वच्छ की, वरची होडी आकाशात टांगल्यासारखी दिसे. पोवळ्यांची खडके, त्यांत लपलेले वाम, पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचे थवे आणि खडकाला चोच लावून शांतपणे चरणारे कासव. ते आमच्याकडे एकदा पाहून पुन्हा आपल्या कामास लागले. त्याच्या घरात आपण पाहुणे आहोत, हाताने काहीही स्पर्शावयाचे नाही, हे शिक्षकांनी सांगितले होतेच; त्या कासवाने ते पटवून दिले. पोवळे हा जिवंत प्राण्यांचा समूह आहे. त्याच्या पुष्कळ जाती वर्षाला बोटाच्या पेराएवढ्याही वाढत नाहीत. एका लाथेने शेकडो दिवसांची वाढ मोडते.

ओमानच्या दक्षिणेस, भर उष्ण कटिबंधात, कुरिया मुरिया नावाची बेटे आहेत. तेथे आम्ही गेलो नाही. परंतु तेथील एक हकीकत आपणांस सांगण्याजोगी आहे. वास्को द गामाचा मामा व्हिसेन्ती सोद्रे यास कोची व कण्णूर येथील वखारींच्या रक्षणासाठी ठेवले होते. ते काम टाकून तो अरबी जहाजे लुटण्यास निघाला आणि 1503 च्या मे महिन्यात या बेटांपाशी नांगर टाकून राहिला. तेथील कोळ्यांनी सांगितले की, वारा फिरणार आहे, बेटाच्या आडोशास चला. लहान जहाजे गेली; सोद्रेने आपल्या लोखंडी नांगरांवर भरवसा ठेवला. वादळ आले आणि त्याचे 'इस्मेराल्दा' जहाज त्याच्यासह बुडाले. त्या जागेचा शोध 1998 साली लागला, 2013 पासून पाणबुड्यांनी उत्खनन केले आणि 2016 साली ते जाहीर झाले. तेथून 2800 हून अधिक वस्तू निघाल्या. त्यांत जहाजाची घंटा आहे आणि हिंदुस्थानच्या व्यापारासाठी पाडलेले अत्यंत दुर्मिळ असे एक चांदीचे नाणेही आहे. पाचशे वर्षांनी ती घंटा वर आली. कोळ्यांचे ऐकले असते, तर ती बुडालीच नसती.

हाच धडा आमच्या घरात आम्हांस शिकावा लागला, आणि तो सांगण्यासाठीच आज उभे राहिलो आहोत.

आमच्या मावसबहिणीचा मुलगा मस्कतलाच नोकरीस होता. बहिणीच्या लग्नासाठी तो वसईस निघाला होता. निघण्यापूर्वीच्या शुक्रवारी तो आमच्यासह बेटांवर आला आणि दोनदा खोल पाण्यात उतरला. दुपारी अडीच वाजता वर आल्यावर, ओले कपडे पिळता पिळता, त्याने सहज सांगितले, "मामा, आज रात्री तीनचे विमान आहे." आमच्या हातातील कप तसाच राहिला. विमान उंच गेले की आतील हवेचा दाब डोंगरमाथ्यावरच्यासारखा कमी होतो आणि अंगात उरलेल्या नत्रवायूचे बुडबुडे होऊ शकतात. एकाहून अधिक वेळा उतरलेल्याने निदान अठरा तास विमानात बसू नये असा नियम आहे. आणि येथे तर साडेबारा तासच होते. सकाळी त्याला विचारावयास हवे होते. विचारले नाही, हा दोष आमचा.

तो म्हणाला, "काही होत नाही, मामा. कितीतरी लोक जातात." कदाचित काही झालेही नसते. आम्ही त्याचा पासपोर्ट मागून घेतला आणि त्यास जाऊ दिले नाही. दुसऱ्या दिवशी रात्रीच्या विमानात जागा मिळाली. त्या संध्याकाळी इकडे हळद होती आणि नवरीचा सख्खा भाऊ मांडवात नव्हता. मावसबहिणीने फोनवर आम्हांस विचारले, "भाऊ, समुद्रात उड्या मारायला वेळ होता, बहिणीच्या हळदीला नव्हता?" आमच्याजवळ उत्तर होते, पण त्या घडीस ते देण्यासारखे नव्हते. तो पहाटे पोहोचला, लाजाहोमात बहिणीच्या ओंजळीत लाह्या त्यानेच घातल्या, कानपिळीचा मान त्यानेच घेतला. तथापि वर्षभर त्या घरून आम्हांस सणाचे बोलावणे आले नाही. पुढे त्या मुलानेच आईला सोड्याच्या बाटलीचा दाखला देऊन सारे समजावले. त्या वर्षी दिवाळीचा फराळ आला; त्यासोबत चिठ्ठी नव्हती, पण सुकेळी होती.

बंधूंनो आणि भगिनींनो, आपली मुले आज आखातात, मालदीवात, अंदमानात, थायलंडात जातात आणि सुटीत या खेळाकडे ओढली जातात. त्यांना अडवू नका. परंतु पुढील गोष्टी घरात बोला. परतीच्या विमानापूर्वी एक पूर्ण दिवस कोरडा ठेवावा. दमा किंवा हृदयाचा विकार असेल, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय उतरू नये. सर्दी असता उतरू नये, कारण कानावरचा दाब सुटत नाही. जोडीदाराला सोडू नये. आणि जो सांगतो 'कितीतरी लोक जातात', त्याचे ऐकू नये.

दुसरी विनंती पोहण्याविषयी. आम्ही ज्या बावखलांत पोहणे शिकलो, त्यांतील अनेक आज बुजविली गेली असून त्यांवर इमारती उभ्या आहेत. जी उरली आहेत ती राखणे पाण्यासाठी जसे अवश्य आहे, तसे मुलांसाठीही आहे. मंडळाने दर उन्हाळ्यात पोहण्याचा वर्ग चालवावा आणि त्यात मुलींची संख्या मुलांइतकी असावी, अशी आमची सूचना आहे.

तिसरे असे की, हे पाहण्यास परदेशीच जावे लागते असे नाही. मालवणला 1987 सालीच सागरी अभयारण्य जाहीर झाले. तारकर्लीस या विद्येचे रीतसर शिक्षण देण्यासाठी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने संस्था उभारली. शिवछत्रपतींच्या सिंधुदुर्गाच्या तटाखालीच पोवळी आहेत. विजयदुर्गाच्या समोर खोल समुद्रात आंग्रे घराण्याचे नाव धारण करणारी पोवळ्यांची एक प्रचंड पाणबुडी टेकडी आहे. आपल्या अर्नाळ्याचे पाणी गढूळ असेल. पण ज्याने एकदा समुद्राचे पोट पाहिले, तो त्या गढूळ पाण्यातही प्लास्टिकची पिशवी टाकणार नाही.

वडील म्हणत, गुडघ्यापुढे जायचे नाही. आम्ही गेलो. आता आमच्या नातवंडांना आम्ही एवढेच सांगतो : पुढे जा, पण शिकून जा, आणि समुद्र काही सांगत असेल, तर ते ऐका.