कधी चालते, कधी रुसते

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

मी तुमची सहयोगिनी बोलतेय. आपल्या भागात आता बऱ्याच गटांनी कर्ज काढून मालाच्या गाड्या घेतल्यात. कुणाची भाजीची, कुणाची दुधाची, कुणी मसाले-पापड घेऊन बाजार करतं. गाडीचा हप्ता, डिझेल, विमा यांचा हिशोब आपण बैठकीत चोख मांडतो. पण एक खर्च असा आहे, की तो कुठून आला आणि कशावर गेला हेच कुणाला सांगता येत नाही. तो म्हणजे गाडीच्या वायरिंगचा. आज त्यावर बोलायचंय.

टायर पंक्चर झाला तर दिसतो. पाटा तुटला तर दिसतो. पण विजेचं दुखणं पुष्कळदा येऊन-जाऊन असतं. पोराला रात्रभर ताप आणि दवाखान्याच्या पायरीवर अंग गार, तसंच. गाडी घाटात रुसते आणि गॅरेजात नेली की एका चावीत सुरू होते. मिस्त्री म्हणतो, काही नाही हो, चांगली चाललीय. मग चार दिवसांनी पुन्हा तेच. आणि मग सुरू होतो अंदाजपंचे कारभार. बॅटरी बदलून बघू, स्टार्टर बदलून बघू. बदललेला प्रत्येक भाग आपल्या पैशाचा, आणि काढलेला भाग चांगला होता की वाईट, ते कुणी बघत नाही.

शेजारच्या तालुक्यातल्या एका गटाचं सांगते. गाडी जुनी, क्लचला केबल असलेली. आठवडी बाजारात माल उतरवून परत निघायच्या वेळी चावी फिरवली की नुसतं ‘टक’. अर्ध्या-पाऊण तासाने आपोआप सुरू. गटाने आधी नवी बॅटरी घेतली. महिना बरा गेला, पुन्हा ‘टक’. मग स्टार्टर उघडून त्याचे कार्बन बदलले. तरी तेच. गाडी चालवायला गटातल्याच एका ताईंचा पुतण्या होता. बैठकीत कुजबुज सुरू झाली, की पोरगं बाजारात मित्रांबरोबर बसतं आणि गाडीचं निमित्त सांगतं. त्या ताई बैठकीला यायच्या बंद झाल्या. हप्ता थकला तर बँक सांभाळून घेईल, पण सोळा बायकांच्या मनात एकमेकींविषयी किंतु आला तर गट टिकत नाही.

तिथल्या सचिवताईंनी एक साधी गोष्ट केली. गाडीत एक वही ठेवली आणि पेन दोरीने बांधला. गाडी रुसली की त्याच वेळी लिहायचं, घरी येऊन नाही. किती वाजले, इंजिन गार की गरम, किती वेळ चालून थांबली होती, पाऊस होता का, गाडी नुकती धुतली होती का, माल किती होता, दिवे-हॉर्न चालू होते का, आणि काय केल्यावर सुरू झाली. शिवाय त्या दिवशी गाडीत दुसरं काही वेगळं वाटलं असेल, तर तेही.

दीड महिन्यात सात नोंदी झाल्या. सातही इंजिन गरम असताना. सकाळी गार गाडी एकदाही अडली नव्हती. दुसरं, ‘टक’ व्हायचं तेव्हा हेडलाइट लखलखीत. ही खूण फार मोलाची आहे, लक्षात ठेवा. स्टार्टर मारताना दिवे विझत आले तर बॅटरीत दम नाही, नाहीतर तिच्या टोकांची पकड सैल आहे. दिवे भरपूर आणि स्टार्टर गप्प, तर बॅटरीला दोष देऊ नका. वीज आहे, ती स्टार्टरपर्यंत जाण्यात किंवा तिथून परतण्यात कुठेतरी अडतेय.

आणि तिसरी नोंद चारदा होती: ‘आज क्लच जड लागला.’ त्या वर्षात क्लचची केबलही दोनदा बदलली होती. तो खर्च वहीत वेगळ्या पानावर होता, म्हणून कुणी जोडून पाहिला नव्हता. बाजारगावातल्या एका वयस्क वायरिंगवाल्याने मात्र ती ओळ वाचली आणि सरळ गाडीखाली शिरला.

असं का, ते सांगते. घरात दिव्याला दोन तारा लागतात, एकीने वीज जाते, दुसरीने परत येते. गाडीत परतीची तार बहुतेक ठिकाणी नसतेच. गाडीचा लोखंडी सांगाडा हीच परतीची वाट. तिला गॅरेजवाले ‘अर्थ’ म्हणतात. पण इंजिन रबराच्या गादीवर बसवलेलं असतं, म्हणून इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी एक तांब्याची विणलेली पट्टी असते. इंजिन हादरतं, पट्टीवर चिखल-पाणी उडतं, एकेक तार तुटत जाते, बोल्टखाली गंज चढतो. गार असताना जेमतेम पकड असते, तापलं की तीही सुटते. स्टार्टरला शंभर ॲम्पिअरच्या वर वीज लागते. एवढ्या विजेला परतीची वाट मिळाली नाही, की ती जी धातूची वस्तू इंजिनाला सांगाड्याशी जोडते तिच्यातून पळते. इथे ती क्लचच्या केबलमधून पळत होती. केबल तापायची, आतलं प्लॅस्टिकचं अस्तर वितळायचं, क्लच जड व्हायचा.

त्याने नुसतं सांगितलं नाही, मोजून दाखवलं. मीटर 20 व्होल्ट डीसीवर. एक काडी बॅटरीच्या वजा टोकावर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि एकाने स्टार्टर मारायचा. वाट चांगली असेल तर आकडा 0.2-0.3 व्होल्टच्या आसपास राहतो. या गाडीत तो 4 च्या वर गेला. पट्टी बदलली, बोल्टखालची जागा पॉलिशपेपरने घासून चकचकीत केली. खर्च बॅटरीच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नाही. त्या ताईंना बैठकीला परत आणायला मात्र अध्यक्षताईंना तीनदा त्यांच्या घरी जावं लागलं.

आता तुमच्या गाडीचं. मल्टिमीटर अडीच-तीनशे रुपयांपासून मिळतो. गटाने एक घ्यावाच, असं माझं मत आहे. रात्रभर उभ्या गाडीची चांगली भरलेली बॅटरी सकाळी 12.6 व्होल्टच्या जवळ असते, 12.2 म्हणजे निम्मी उतरलेली. इंजिन चालू केल्यावर साधारण 13.8 ते 14.5 दिसायला हवं. 12 च्या आसपासच रेंगाळलं तर अल्टरनेटर चार्ज करत नाही, किंवा त्याची तार सुटली आहे. हे दोन आकडे महिन्यातून एकदा वहीत लिहा. नव्या गाड्यांत चार्जिंग कमी-जास्त होत राहतं, तेव्हा एका आकड्यावर निकाल लावू नका.

बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर आला असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून तो धुवा, कोरडं करा, घट्ट बसवा, वरून व्हॅसलीन लावा. टोक काढताना आधी वजा, बसवताना वजा सगळ्यात शेवटी. उलट केलं आणि पाना सांगाड्याला टेकला, तर ठिणगी उडते. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून जवळ विडी-काडी नको. हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नका, तो थर आम्लाचा असतो.

फ्यूज पुन्हा पुन्हा जातोय म्हणून कुणी मोठा फ्यूज घालतं, कुणी चक्क तार गुंडाळतं. हे बघितलं की माझं डोकं फिरतं. पात्याच्या फ्यूजमध्ये लाल 10 ॲम्पिअरचा, निळा 15 चा, पिवळा 20 चा. निळ्या जागी निळाच. फ्यूज जातोय म्हणजे तो त्याचं काम करतोय. पुढची वायर कुठेतरी घासून सांगाड्याला टेकते आहे, ती शोधायची. तार गुंडाळली तर फ्यूजच्या ऐवजी वायरिंग जळेल, आणि वायरिंग जळालं तर गाडी पेटायलाही वेळ लागत नाही.

वायर शोधायची कशी? जे बंद पडतं ते चालू ठेवायचं आणि वायरिंगचा जुडगा, एकेक कपलर हाताने हळू हलवत जायचं. दिवा लुकलुकला की तिथेच थांबा. इंजिन चालू असेल तर पंख्या-पट्ट्यापासून पदर आणि ओढणी लांब. पावसात किंवा गाडी धुतल्यावर बिघडत असेल तर कपलरमध्ये पाणी शिरतंय. इंडिकेटर लावला की मागचा दुसराच दिवा लुकलुकतो? ती बहुतेक वेळा त्या दिव्याच्या अर्थचीच तक्रार असते. धान्याच्या खोलीशेजारी गाडी लावत असाल तर बॉनेट उघडून उंदरांच्या लेंड्या आणि कुरतडलेल्या तारा बघा.

आणि मागाहून बसवलेल्या वस्तू. मोठा हॉर्न, रंगीत पट्ट्या, टेप. तारेला तार पिळून वर चिकटपट्टी. उन्हात पट्टीचा डिंक सुटतो, जोड उघडा पडतो. गाडी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, अशी तक्रार दोन गटांनी फोनवर केली होती. अशा वेळी वायरिंगवाल्याला सांगा, की गाडी बंद असताना किती वीज जातेय ते मोजा. 50 मिलिॲम्पिअरच्या आत असेल तर ठीक. एक ॲम्पिअर जात असेल तर चोवीस तासांत चोवीस ॲम्पिअर-तास गेले, आणि छोट्या गाडीची बॅटरी पस्तीस-चाळीसचीच असते. मग एकेक फ्यूज काढत जायचं, ज्याच्यामुळे आकडा पडतो तिथे चोर. दारं लावून, चावी काढून, गाडी अर्धा तास निजू द्या आणि मग मोजा. हे काम जाणकाराकडूनच करून घ्या, कारण मीटर मध्ये जोडलेला असताना कुणी स्टार्टर मारला तर मीटर जळतो.

एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांमध्ये संगणक असतो, तो बिघाडाचा कोड साठवतो. गॅरेजवाल्याने मशीन लावलं की कोड पुसायच्या आधी, बॅटरी काढायच्या आधी, तो आपल्या वहीत उतरवून घ्या. कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं म्हणजे सेन्सरच गेला असं नाही. त्याची वायर किंवा कपलरही असू शकतो. या गाडीच्या सेन्सरच्या तारांना बल्ब लावून तपासू देऊ नका. आणि गाडी विजेवर चालणारी असेल, तर नारंगी तारांना आपणही हात लावायचा नाही आणि साध्या वायरिंगवाल्यालाही लावू द्यायचा नाही.

शेवटचं बैठकीचं. पुढच्या बैठकीत एक ठराव लिहा: पाचशे रुपयांच्या वरचा कुठलाही विजेचा भाग बदलण्याआधी मोजलेला आकडा वहीत असला पाहिजे, आणि काढलेला जुना भाग गटाकडे परत आला पाहिजे. मिस्त्रीला शोधण्याचे पैसे वेगळे द्या, ते त्याच्या मेहनतीचे आहेत. शोधण्याचे पैसे द्यायला आपण का-कू करतो, म्हणून तो पार्ट विकून ते काढतो. ठरावाखाली गाडी चालवणाऱ्याचीही सही घ्या. वही त्याच्याच हातात राहणार आहे.

पुढच्या मंगळवारी याच वेळी गाडीच्या कागदपत्रांवर बोलू. तुमच्या वहीत काही नोंद झाली असेल तर केंद्रावर फोन करून वाचून दाखवा. नमस्कार.