विणलेलं म्हणजे कसं विणलेलं?

श्रोतेहो, कवी कस्टमवर बोलणार म्हटल्यावर तुमच्यापैकी काहींचा हात रेडिओ बंद करायला पुढे गेला असेल. जरा थांबा. आयात-निर्यातीशी माझा काडीचाही संबंध नाही. मराठी घेऊन बी. ए. झालो आणि कविता लिहीत बसलो. पण माझ्या तोंडून निघालेल्या एका शब्दाने माझ्या भाचीची ईद कोरडी गेली. त्या शब्दाबद्दल सांगायचं आहे.

भाची पनवेलला राहते. घराच्या पुढच्याच खोलीत तिचं बायकांच्या कपड्यांचं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी तिने ओळखीच्या दोघी दुकानदारणींना सोबत घेतलं आणि बांगलादेशातून बायकांच्या टॉपचा माल मागवला. हिशेब सरळ होता. २०११ साली भारताने बांगलादेशच्या तयार कपड्यांना सीमाशुल्कातून सवलत दिली. माल तिथलाच आहे असा दाखला जोडला की ड्यूटी माफ. दाखला चालला नाही तर मात्र कंबरडं मोडतं, कारण ऑगस्ट २०१८ मध्ये ३२८ प्रकारच्या कापड-कपड्यांवरची ड्यूटी १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेली होती. माल रमजानमध्ये न्हावा शेवाला उतरला. शेवटचे दहा दिवस म्हणजे अशा दुकानाची जवळजवळ वर्षाची कमाई.

मी त्या दिवशी दुकानातच बसलो होतो. क्लिअरिंग एजंटचा फोन आला. भाची गिऱ्हाइकांत अडकलेली. तिने फोन आणि नमुन्याचा टॉप माझ्या हातात दिला. ‘‘मामू, जरा बघा ना, काय विचारतायत.’’

‘‘चाचा, कापड विणलेलं आहे ना?’’ तिकडून प्रश्न आला.

‘‘विणलेलं नाही तर काय! कापड का झाडाला लागतं?’’ मी म्हणालो. तो हसला, मीही हसलो. त्याने कागदावर आकडा टाकला.

इथे घात झाला. कपडा कुणासाठी आहे, किती सुंदर आहे, हे कस्टमचं दरपत्रक आधी विचारत नाही. त्याचा पहिला प्रश्न असतो, कापड तयार कसं झालं? धाग्याचे फासे एकमेकांत अडकवून झालं असेल, म्हणजे आपण ज्याला होजिअरी म्हणतो ते, तर कपडा ६१ व्या प्रकरणात जातो. मागावर ताणा-बाण्याने, उभ्या-आडव्या धाग्यांनी झालं असेल तर ६२ व्या. तिरुपूरचा टी-शर्ट एका घरात, भिवंडी-मालेगावच्या मागावरच्या कापडाचा सदरा दुसऱ्या घरात. इंग्रजीत या दोन कामांना दोन वेगळी क्रियापदं आहेत. आपल्याकडे एकच. विणकर लुगडं विणतो, मावशी सुयांवर स्वेटर विणते, खाट विणतात, सुगरण घरटं विणते आणि कोळी जाळं विणतो, मग तो दर्यावरचा असो की भिंतीवरचा. कवीला हा एक शब्द म्हणजे चैन आहे. एजंटला मात्र मागावरचं म्हणायचं होतं. माझ्या हातातला टॉप होजिअरीचा होता.

ढाक्याहून आलेल्या दाखल्यावर बरोबर लिहिलं होतं, ६१०६, म्हणजे होजिअरीचे बायकांचे ब्लाउज-शर्ट. आमच्या कागदावर पडलं ६२०६. अधिकाऱ्याने पेटी उघडली, एक टॉप दोन्ही हातांत धरून ताणला आणि म्हणाला, हे तर होजिअरी आहे. माणूस भला होता. पण दोन कागद दोन गोष्टी बोलत असतील तर ही चूक आहे की चलाखी, हे त्याला तपासावंच लागतं. शिवाय २०११ पासून माल कुठल्या आकड्यात बसतो हे आयात करणाऱ्यानेच ठरवून लिहून द्यायचं असतं. शब्द आपला, जबाबदारीही आपली. मग दुरुस्तीचा अर्ज, खुलाशाचं पत्र, मध्ये सुट्ट्या. बंदरात माल पडून राहिला की भाडं चढत जातं. ड्यूटीची सवलत अखेर मिळाली. माल सुटला तो ईदनंतर चार दिवसांनी.

मला एका कार्यक्रमाचं मानधन नुकतंच मिळालं होतं. ते पाकीट मी भाचीपुढे ठेवलं. तिने उघडून पाहिलं आणि परत दिलं. ‘‘मामू, यात एका दिवसाचं भाडंही निघणार नाही.’’ त्या तिघींपैकी एक जण त्यानंतर बाहेर पडली. तिने आपल्या बांगड्या गहाण ठेवल्या होत्या, हे मला फार उशिरा कळलं.

त्यानंतर मी ते दरपत्रक वाचायला घेतलं. प्रायश्चित्त म्हणा हवं तर. त्याचे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात. ही पद्धत १९८८ पासून चालू आहे आणि ब्रुसेल्सची जागतिक सीमाशुल्क संघटना ती सांभाळते. पुढचे दोन आकडे आपले. सुताच्या कपड्यांत तिथे चक्क ‘दुपट्ट्यासह किंवा दुपट्ट्याविना कुर्ता-सलवार’ अशी ओळ आहे. ती वाचून मला परक्या गावात ओळखीचं माणूस भेटावं तसं झालं.

साडीचं काय? साडी आपल्या दरपत्रकात तयार कपड्यांत नाहीच, ती कापडांत आहे. रेशमी साडी रेशमी कापडाच्या ५० व्या प्रकरणात. माझी आई जन्मभर लुगडं नेसली, ते सरकारच्या लेखी शिवलेलं वस्त्र नव्हतं. पण मराठीने हे आधीच ओळखलेलं आहे. आपण झगा घालतो, साडी नेसतो.

खिशाचंही असंच. ब्लाउजला कमरेखाली खिसा असला की तो ६१०६ मध्ये राहत नाही, दुसरीकडे जातो. होजिअरीची वीण विरळ असली, सेंटिमीटरमध्ये सरासरी दहापेक्षा कमी टाके भरले, तरीही जातो. म्हणजे कुणीतरी भिंग घेऊन टाके मोजणार! मागावरच्या कापडाच्या शर्ट-ब्लाउजला हा खिशाचा नियम २०२२ च्या फेररचनेत लागू झाला. आमच्या घरातल्या बायका कुर्त्याला खिसा नाही म्हणून तक्रार करतात. खिसा दिला तर आकडा बदलतो, हे त्यांना कोण सांगणार?

शाल, स्कार्फ, मफलर आणि चेहऱ्यावरचा जाळीचा पडदा, मागावरचे असतील तर हे सगळे ६२१४ या एकाच खणात. ज्या वस्त्रांवरून बाहेर एवढी भांडणं होतात, ती तिथे घडी होऊन शेजारी-शेजारी पडलेली आहेत.

आणि पुरुषाचं की बाईचं, हे कसं ठरतं? आत्ता अंगात शर्ट असेल तर बघा. पुढून बंद करताना डावी बाजू उजवीवर येत असेल तर कपडा पुरुषाचा. उजवी डावीवर आली तर बाईचा. कापणीवरूनच स्पष्ट कळत असेल तर हा नियम सोडायचा. आणि काहीच ओळखू आलं नाही तर? तर तो बाईच्या कपड्यांत घालायचा. हे वाचून मला रागच आला. पुरुषाची खूण पटली पाहिजे आणि उरेल ते बाईचं, हा कुठला न्याय? मी तावातावाने भाचीला सांगितलं. ती घड्या घालता घालता म्हणाली, ‘‘बरंच आहे की मामू, अर्धं दुकान त्यातच बसेल.’’

शंका असेल तर माल मागवण्याआधीच आकडा विचारून घेता येतो. त्यासाठी २०२१ पासून मुंबईत आणि दिल्लीत आगाऊ निर्णय देणारी प्राधिकरणं काम करू लागली. हे मला आधी कळलं असतं, तरी मी फोनवर विनोदच केला असता म्हणा.

भाचीने ते टॉप बकरी ईदपर्यंत कमी भावात काढले. पुढच्या वर्षी तिने पुन्हा माल मागवला. मे २०२५ मध्ये बांगलादेशी तयार कपड्यांसाठी जमिनीवरचे नाके बंद झाले आणि न्हावा शेवा व कोलकाता ही दोनच बंदरं उरली, तेव्हा नाक्यावरून माल आणणारे तिचे दोन ओळखीचे व्यापारी तिलाच विचारायला आले.

त्या दुसऱ्या खेपेच्या वेळी एजंटचा फोन आला, तेव्हाही मी दुकानातच होतो. या वेळी तिने फोन माझ्याकडे दिला नाही. टॉप हातात घेऊन ताणून पाहिला आणि बोलू लागली, ‘‘होजिअरी. फाशांचं, मागावरचं नाही. कमरेखाली खिसा नाही. पुढे बटण नाही. दाखल्यावर ६१०६ आहे, तुम्हीही तेच लिहा आणि मला वाचून दाखवा.’’

मी शेजारी बसून ओढण्यांच्या घड्या घालत होतो.