मार्जाराचा मेद आणि घरचा कारभार



ज्या व्यासपीठावरून राष्ट्राच्या अर्थकारणाची, वेदान्ताची आणि वाङ्मयाची चर्चा होते, तेथे घरातल्या मांजराच्या लठ्ठपणाचा विषय घेऊन उभे राहण्यास किंचित धारिष्ट लागते, हे मी जाणतो. तथापि ज्या प्राण्याला आपण दाराआड ठेवले आणि ज्याचे अन्न, विहार व प्रजोत्पादन या तिन्ही गोष्टी आपल्या अंमलाखाली आणल्या, त्याच्या प्रकृतीचा जाब कोणी आपल्याला विचारला, तर तो अप्रस्तुत आहे असे म्हणण्याची सोय आपल्याला उरलेली नाही.

मांजराचा आणि मनुष्याचा करार जुना आहे. पश्चिम आशियात शेती सुरू झाली, धान्याची कोठारे उभी राहिली, कोठारांमागे उंदीर आले आणि उंदरांमागे रानमांजर आले. सायप्रस बेटावर मनुष्याच्या शेजारी पुरलेले जे मांजर सापडले, ते सुमारे 9,500 वर्षांपूर्वीचे आहे. आपल्या जुन्या वाड्यांतही कणगीच्या नि बळदाच्या राखणीला मांजर असे, उरलासुरला दूधभात हे त्याचे वेतन असे, आणि घरचे दूधदुभते त्याच्यापासून वाचवण्यासाठी शिंक्यावर टांगले जाई. शिंक्याचे तुटले नि बोक्याचे फावले, ही म्हण त्या नित्याच्या तंट्यातूनच आली. आज शिंके गेले, फ्रीज आला, आणि पुण्यामुंबईच्या पाचव्या मजल्यावर, खिडकीला जाळी लावून जपलेले मांजर चाकरीतून सुटून एकदम इनामदार झाले. एका उंदरातून सुमारे 30 उष्मांक मिळतात. म्हणजे पोटापुरते मिळवण्यासाठी शिकारी मांजराला दिवसाकाठी सात-आठ उंदीर धरावे लागतात, आणि त्यासाठी कित्येक निष्फळ झडपा घालाव्या लागतात. शरीर त्या हिशेबाने घडलेले आहे. झडपा बंद झाल्या, भूक मात्र जुन्या चाकरीचीच राहिली.

त्यातच निर्बीजीकरणाची भर पडते. त्या शस्त्रक्रियेविरुद्ध माझा एकही शब्द नाही, ती अवश्य करावी. परंतु तिच्यानंतर मांजराची उष्मांकांची गरज सुमारे चतुर्थांशाने घटते आणि भूक उलट वाढते, ही गोष्ट टाके काढून घरी परतताना ध्यानात कोण ठेवतो? वाटी पूर्वीचीच राहते, आणि वर्षभरात मनीची कंबर नाहीशी होते.

लठ्ठपणा ओळखण्यास तराजूच्या आधी तळहात पुरे. मांजर उभे असताना दोन्ही हातांची बोटे त्याच्या बरगड्यांवरून हलकेच फिरवावीत. पातळ आवरणाखाली बरगड्या सहज हाताला लागल्या तर उत्तम, दाबून शोधाव्या लागल्या तर वजन वाढले आहे, आणि शोधूनही सापडल्या नाहीत तर पशुवैद्याकडे जाण्याची वेळ झाली आहे. वरून पाहता बरगड्यांमागे कंबर दिसली पाहिजे. पशुवैद्य याच परीक्षेला 1 ते 9 असे अंक देतात. 5 हा अंक समतोलाचा, आणि त्यापुढचा प्रत्येक अंक साधारण दहा ते पंधरा टक्के जादा वजनाचा. मागच्या पायांजवळ लोंबणारी कातडीची सैल झोळी ही मात्र बहुतेक मांजरांना निसर्गतःच असते. तिच्यावरून निवाडा करू नये. याउलट शेपटीच्या मुळाशी केस विस्कटलेले, गुंतलेले आणि कोंड्याने भरलेले दिसले, तर समजावे की जीभ तेथवर पोचण्याइतके हे शरीर आता वळत नाही.

अशा मांजराला मधुमेहाचा धोका सडपातळ मांजराच्या मानाने कितीतरी पट अधिक असतो, त्याचे सांधे लवकर झिजतात, आणि भूल देणेही अधिक जोखमीचे होते. यावर फार वेळ घालवत नाही. कारण रोगांची यादी ऐकून कोणी वाटी लहान केल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

वेळ घालवायचा तो उपायावर, आणि त्यातही ज्या उपायाने मांजर मरते त्यावर. आपण उपासाच्या संस्कारात वाढलेली माणसे आहोत. एकादशी, चतुर्थी, सोमवार यांनी आपले आठवडे आखलेले असतात, आणि लंघन हेच परम औषध ही धारणा आजीच्या बटव्याबरोबर आपल्या घरात आलेली आहे. मनुष्याच्या बाबतीत तिचे गुणावगुण वैद्यांनी पाहावेत. मांजराच्या बाबतीत ती प्राणघातक आहे. मांजराचे अन्न बंद पडले की अंगावर साठलेला मेद मोठ्या प्रमाणात सुटून यकृताकडे धावतो, आणि त्याची तितक्या वेगाने विल्हेवाट लावण्याचे सामर्थ्य या प्राण्याच्या यकृताला नाही. दोन-तीन दिवसांच्या अनशनानंतर हा धोका उभा राहतो, यकृताच्या पेशी मेदाने भरून जातात, हिरड्या आणि कानांच्या आतली कातडी पिवळी पडू लागते, आणि मग नळीवाटे आठवडेच्या आठवडे अन्न घालून त्याला वाचवण्याची धडपड करावी लागते. या विकाराला हेपॅटिक लिपिडोसिस म्हणतात. त्यातली क्रूर गोष्ट अशी की मांजर जितके लठ्ठ तितका हा धोका मोठा. म्हणजे ज्याला उपास घडवावा असे आपल्याला वाटते, नेमके तेच उपासाने जाते. वजन उतरवणारे नवे खाद्य आणून वाडग्यात ओतायचे आणि ते न खाल्ल्यास ‘भूक लागली की खाईल झक मारत’ असे म्हणायचे, हा शिरस्ता कदाचित कुत्र्यापुढे चालेल. मांजर हट्टाने उपाशी राहते. म्हणून नवे खाद्य जुन्यात थोडे थोडे मिसळून, आठ-दहा दिवसांच्या मुदतीत बदलावे.

आता जमाखर्च. ज्या मांजराचे योग्य वजन 4 किलो आहे आणि आजचे 5 किलो, त्याला उतरणीच्या काळात दिवसाला सुमारे 160 उष्मांक पुरतात. अंतिम आकडा पशुवैद्याने ठरवावा, पण अंदाज हा. पाकिटातल्या कोरड्या दाण्यांच्या 100 ग्रॅममध्ये बहुधा 350 ते 400 उष्मांक असतात. म्हणजे दिवसभराचा सारा शिधा 40-45 ग्रॅमचा झाला, आणि तो वाटीने नव्हे, स्वयंपाकघरातल्या तराजूने मोजला पाहिजे, कारण शीग लावून भरलेली वाटी आणि सपाट भरलेली वाटी यांत एका जेवणाचे अंतर पडते. आता घरचे दप्तर उघडून पाहा. आजीने सकाळी म्हशीचे दूध घातले, 100 मिलिलिटर. त्यातच जवळजवळ 100 उष्मांक गेले. नातवाने बिस्किट दिले, ज्यातली गोडी मांजराला कळतदेखील नाही, कारण गोड चव ओळखणारा जनुकच या कुळात निकामी झालेला आहे. सूनबाईंनी बांगडा साफ करताना डोके टाकले, आणि रात्री उशिरा परतलेल्या चिरंजीवांनी, दिवसभर कोणी विचारले नसेल या कळवळ्याने, मूठभर दाणे ओतले. प्रत्येकाची नोंद क्षुल्लक, प्रत्येकाचा हेतू निर्मळ, आणि बेरीज करणारा कोणीही नाही! मांजराला अधाशी म्हणणाऱ्या घरांत मला बहुधा हेच बेहिशेबी औदार्य दिसते. तेव्हा सकाळी एकाने दिवसाचा शिधा तोलून डब्यात काढावा, आणि ज्याला माया करायची असेल त्याने त्याच डब्यातून चार दाणे घ्यावेत.

शाकाहारी घरांना दोन शब्द अप्रिय वाटले तरी सांगितले पाहिजेत. मांजर हा निखालस मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचे जे द्रव्य त्याला अन्नातूनच पुरेसे मिळावे लागते, त्याच्या अभावी त्याचे हृदय दुबळे होऊन फुगते, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी 1987 साली दाखवून दिले, आणि दहीभातात ते द्रव्य नसल्यातच जमा असते. म्हणून कृश करण्याच्या नावाखाली भाताचे प्रमाण वाढवणे हा दुहेरी अपराध आहे; शिधा घटवताना प्रथिने घटू नयेत. मांस घरात येऊ द्यायचे नसेल, तर मांजर पाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेगाविषयी म्हणाल, तर आठवड्याला वजनाच्या एक टक्का ही चांगली गती. 5 किलोच्या मांजरात म्हणजे 50 ग्रॅम. एवढा फरक माणसांच्या वजनकाट्यावर, मांजर उचलून उभे राहिल्याने, कळत नाही. तान्ह्या मुलांचा काटा वापरावा किंवा दवाखान्यात जाऊन तोलावे, आणि पंधरवड्याने तारीखवार नोंद ठेवावी. एक किलो उतरवायला या हिशेबाने सुमारे पाच महिने लागतात. घाई नको. वजन आपण न उतरवता झपाट्याने उतरू लागले, आणि पाणी पिणे व लघवी वाढली, तर तो आनंदाचा नव्हे, तपासणीचा विषय आहे.

पहाटे पाचला उशाशी येऊन मांजर जी कैफियत मांडते, तिच्यावर फर्मान न देण्याइतके मन घट्ट करावे. एकदा उठून वाडगे भरले की ती फिर्याद रोजची होते. दाणे चार-पाच वेळांत विभागावे, काही कागदी खोक्यांत, जिन्याच्या पायऱ्यांवर दडवावे, म्हणजे शोधण्यात थोडी जुनी चाकरी घडेल. दोरीला बांधलेले पीस तिन्हीसांजेला दहा मिनिटे नाचवावे. त्याने वजन फारसे उतरत नाही, पण स्नायू टिकतात आणि मांजराचा कंटाळा जातो. घरात दुसरे सडपातळ मांजर असेल तर त्याचे वाडगे उंच फडताळावर ठेवावे. लठ्ठ सोबत्याची उडी सध्या तरी तेथवर पोचत नाही.

आपणा सर्वांना माझी एवढीच विनंती, की आहार बदलण्याआधी पशुवैद्याला एकदा दाखवून घ्यावे, आणि मांजराने पूर्ण एक दिवस अन्नाला तोंड लावले नाही, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याला दवाखान्यात न्यावे.