जीपगाडींतील चार जास्त माणसें

गणपतीस आठ-दहा दिवस राहिले कीं मुंबई-पुण्याच्या कित्येक घरांत एकच हिशेब सुरू होतो: माणसें किती आणि जागा किती? आजोबा, आजी, दोघे मुलगे, दोघी सुना आणि तीन नातवंडें, अशीं नऊ माणसें. कोंकणांतलें घर हमरस्त्यापासून बरेंच आंत, वाट लाल चिखलाची, मध्यें एक पऱ्ह्या ओलांडावयाचा. म्हणून गाडी घेतली ती चारही चाकांस गति मिळणारी. गाडी दणकट खरी. पण तींत बसावयाच्या जागा पांच. उरलेल्या चौघांनीं निराळें यावें हें आजोबांस रुचत नाहीं. घरचीं सर्व माणसें एका वेळीं उंबरठा ओलांडून आंत जावीं ही त्यांची हौस. मग कोणी तरी सुचवितो, “मागें सामानाची जागा रिकामीच आहे, तेथें समोरासमोर दोन बांकें ठोकून घ्या.” गॅरेजवाला तें काम एका दिवसांत करून देण्यास तयार असतो. आणि त्या बांकांवर कोणीं बसावयाचें याविषयीं घरांत वादच होत नाहीं. तीं लहान मुलांसाठींच असतात.

या युक्तीस जुना वंश आहे. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ पासून, अमेरिकेंत विलीस कंपनीची जीप तयार होऊं लागली. सैन्याच्या दप्तरीं तिची गणना पाव टनाच्या गाड्यांत होई. पाव टन ओझें वाहावें एवढीच तिच्याकडून अपेक्षा. १९४९ मध्यें मुंबईस माझगांवांत या जीपचे सुटे भाग आणून त्यांची जुळणी होऊं लागली, आणि चौघांसाठीं घडविलेल्या त्या गाडींत पुढें किती माणसें बसलीं त्याला गणती नाहीं. मूळ सांगाडा लांबवून, मागें बांकें घालून तिची प्रवासी गाडी झाली. सातारा-कोल्हापूरकडे जिला वडाप म्हणतात ती हीच. तिच्यांतून बाजारास, लग्नास, दवाखान्यास गेलेल्यांनीं तिची निंदा करूं नये. जेथें दुसरें वाहन येतच नव्हतें तेथें ती आली. पण मागल्या फळीवर उभे राहून, एका हातानें दांडी धरून जे गेले, त्यांचा प्रवास सुरक्षित होता असें त्यावरून ठरत नाहीं.

विलायतेंत हाच प्रकार निराळ्या कारणानें घडला. लँड रोव्हर ही गाडी १९४८ सालीं अॅम्स्टरडॅमच्या प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आली. १९६२ मध्यें तिच्या लांब सांगाड्याच्या गाडींत बारा आसनें बसविण्यांत आलीं. तेथल्या त्या वेळच्या कायद्याप्रमाणें बारा आसनांची गाडी बस समजली जाई आणि बसवर खरेदी-कर नव्हता. म्हणजे बारावें आसन घातल्यानें गाडी स्वस्त पडे! बाराव्या माणसाच्या गुडघ्यांचा विचार त्या कायद्यानें केला असेल असें दिसत नाहीं. मागें भिंतीस पाठ लावून एकमेकांकडे तोंड करून बसण्याची ती पद्धत पुढें चाळीस-पंचेचाळीस वर्षें चालली. अखेर युरोपांत २००५ च्या एका निर्देशानें खासगी मोटारींतील अशा आडव्या आसनांस मनाई झाली, आणि २००७ च्या डिफेंडर गाडींत मागचीं चार आडवीं आसनें जाऊन पुढें तोंड केलेलीं दोन आलीं. नऊ जणांच्या गाडींत सातच बसूं लागले. विकणाऱ्यानें आपण होऊन दोन आसनें कमी करावींत, यामागें कांहीं तरी कारण असलेंच पाहिजे.

तें कारण समजावयास फार गणित लागत नाहीं. ताशीं पन्नास किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एकाएकीं अडली तर आंतलीं माणसें त्याच वेगानें पुढें जातात. हा वेग सुमारें दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिमजली घराच्या गच्चीवरून, पडणाऱ्या वस्तूच्या वेगाएवढा असतो. पुढें तोंड करून बसलेल्यास पट्टा खांद्यावर, छातीवर व कमरेच्या हाडावर धरून ठेवतो. तीन ठिकाणीं अडकणारा हा पट्टा १९५९ मध्यें व्होल्व्हो कंपनीच्या नील्स बोलिन या अभियंत्यानें सिद्ध केला. आडव्या बांकावरील माणसास मात्र धक्का कुशींतून बसतो. कमरेला पट्टा असला तरी धड एका बाजूस झुकतें, मान त्याहून अधिक. आणि पट्टा नसला तर बांकावरचीं सर्व माणसें घसरत जाऊन पुढच्या टोकास बसलेल्यावर आदळतात. तें टोक धरण्यासाठीं मुलांत भांडणें होतात, कारण तेथून समोरचा रस्ता दिसतो.

दुसरी गोष्ट वजनाची. मागचें बांक बहुधा मागल्या आंसाच्याही मागें येतें. दोन आंसांतील अंतर २·४ मीटर धरा, आणि बांकावरील माणसें मागल्या आंसाच्या ०·६ मीटर मागें बसलीं आहेत असें समजा. साठ किलोंचीं चार माणसें म्हणजे २४० किलो. तराजूच्या दांडीप्रमाणें येथें मागला आंस हा टेकू होतो. पुढच्या चाकांवरचा भार ६० किलोंनीं हलका होतो आणि मागल्या आंसावर २४० नव्हे, ३०० किलो चढतात. मुलांचें वजन कमी, हें खरें. पण पायाशीं ठेवलेले नारळ आणि तांदूळ ती तूट भरून काढतात. गाडीचें नाक वर होतें, दिवे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर पडतात, आणि चक्र हलकें लागूं लागतें. ज्या पुढच्या चाकांनीं चिखलांतून ओढावें व घाटांत वळावें म्हणून ही महाग गाडी घेतली, त्यांचीच पकड कमी होते. गॅरेजवाला यावर मागल्या कमानीस एक पाटा वाढवून देतो. त्यानें गाडी समपातळीवर येते एवढेंच. ब्रेक, टायर व आंस होते तेच राहतात.

तिसरी गोष्ट बोल्टांची. सामानाच्या जागेचा तळ पातळ पत्र्याचा असतो. त्यांत भोक पाडून बोल्ट आवळला तर धक्क्याच्या वेळीं बोल्ट तुटत नाहीं, पत्राच फाटतो. पट्ट्याची बैठक किती बळकट असावी याचा युरोपांतील नियम पाहण्यासारखा आहे: तिच्यावर १३,५०० न्यूटन बळ लावून पाहतात, म्हणजे जवळजवळ १,३७५ किलो वजन टांगावें इतकें. एका दिवसांत ठोकलेल्या बांकाची अशी परीक्षा कोण घेणार? शिवाय जुन्या उघड्या गाड्यांत मागचा पडदा वर केला कीं धुराड्याचा विषारी वायु आंत ओढला जातो, हेंही पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. मुलें झोपलीं आहेत असें वाटतें.

राहिला कायदा. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणें, निर्मात्यानें मूळ ठरविलेल्या तपशिलाशीं नोंदणीपुस्तक जुळणार नाहीं असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. आसनांची संख्या ही त्याच तपशिलांत येते. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही एका निकालांत या कलमाचा अर्थ असाच कडक लावला. याच अधिनियमांत चालक सोडून सहापेक्षां अधिक माणसांसाठीं बांधलेल्या किंवा तशा बदललेल्या गाडीस ‘ऑम्निबस’ म्हटलें आहे. म्हणजे दोन बांकें ठोकून आजोबांची मोटार कायद्यानें बस होते. वाटेंत कोणी अडविलें नाहीं तरी अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस प्रथम नोंदणीपुस्तक उघडतो.

ज्यांस गाडी अद्याप घ्यावयाची आहे त्यांनीं कारखान्यांतच सात आसनें बसविलेली, सर्वांचीं तोंडें पुढें असलेली गाडी पाहावी. तिसऱ्या रांगेंत तीन ठिकाणीं अडकणारा पट्टा व डोक्यास टेकण आहे कीं नाहीं हें स्वतः बसून तपासावें. सातही जण बसल्यावर सामानास जागा फारशी उरत नाहीं, आणि तें टपावर चढविलें तर आधींच उंच असलेली गाडी वळणावर अधिक कलते; तेव्हां ट्रंका घरींच ठेवाव्या.

ज्यांची पांच जागांची गाडी दारांत उभी आहे, त्यांनीं एवढाच विचार करावा कीं चारही चाकांची गति लागते ती कोठें? मुंबईपासून कोंकणांतल्या स्टेशनापर्यंत ती लागत नाहीं. ती लागते शेवटल्या चार-सहा मैलांत, चिखलांत आणि पऱ्ह्यांत. चौघांनीं रेल्वेनें यावें, पांच जणांनीं गाडीनें. स्टेशनावर भेट व्हावी आणि तेथून घरापर्यंत गाडीनें दोन खेपा कराव्या. पहिल्या खेपेचीं माणसें दार न उघडतां अर्धा-पाऊण तास अंगणांत थांबलीं, तर आजोबांची हौसही राहते.