सकाळचा सराव संध्याकाळी नेताना

पहाटे धावण्याची सवय असलेल्या माणसाची कामाची पाळी बदलते, घरात तान्हे मूल येते किंवा आजारी माणसाची सकाळ सांभाळावी लागते, आणि धावणे संध्याकाळवर जाते. पहिल्या आठवड्यात पाय जड वाटतात, नेहमीचा वेग साधत नाही आणि आपला सराव घसरला अशी समजूत होते. ही समजूत बहुतेक वेळा चुकीची असते. पहाटेच्या धावण्याआधी रात्रभराची झोप झालेली असते. संध्याकाळच्या धावण्याआधी अख्खा दिवस खर्ची पडलेला असतो. जुळवून घ्यायचे ते या दिवसाशी.

शरीराच्या दृष्टीने संध्याकाळ मुळात अनुकूल वेळ आहे. शरीराचे तापमान चोवीस तासांत ठरावीक लयीने वरखाली होते. पहाटे चार-पाचच्या सुमारास ते सर्वांत कमी असते, तर दुपार उलटल्यावर, साधारण पाच ते सातच्या दरम्यान, सर्वांत जास्त. फरक अर्धा ते एक अंश सेल्सिअसचा असतो, पण तेवढ्यानेही स्नायू अधिक सैल राहतात आणि अंग मोकळे व्हायला पहाटेइतका वेळ लागत नाही. ही लय पेशींमधल्या जैविक घड्याळाने चालते. त्या घड्याळाची यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. रोज एकाच वेळी सराव केला की शरीर त्या वेळेसाठी तयार होऊ लागते. म्हणून आज सकाळी, उद्या संध्याकाळी अशी धरसोड करण्यापेक्षा एक वेळ ठरवून दोन-तीन आठवडे टिकवणे हिताचे.

खरी अडचण उन्हाची. सूर्य मावळला तरी दिवसभर तापलेला डांबरी रस्ता आणि सिमेंटच्या भिंती उष्णता सोडत राहतात. विदर्भात मे महिन्यात संध्याकाळी सहालाही पारा चाळिशीच्या आसपास असू शकतो. मुंबईत पारा त्यामानाने कमी, पण दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. अंधार पडला म्हणजे हवा थंड झाली असे मानणे किती महागात पडते, हे २०१९ मध्ये दोहा येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत दिसले. महिलांची मॅरेथॉन ऊन टाळण्यासाठी मध्यरात्री सुरू करण्यात आली. तरीही तापमान तीस अंशांच्या वर होते, हवा कमालीची दमट होती, आणि ६८ धावपटूंपैकी ४०च शर्यत पूर्ण करू शकल्या. जगातल्या निवडक धावपटूंची ही गत, तर नोकरी सांभाळून धावणाऱ्याने उकाड्यात पहाटेचाच वेग गाठण्याचा हट्ट धरू नये. उष्णतेशी जुळवून घ्यायला शरीराला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात: रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो, त्याच वेगाला नाडीचे ठोके कमी पडतात. तोवर घड्याळावरच्या वेगाकडे न बघता श्वासाकडे बघावे. धावताना बोलता येत असेल तर वेग योग्य.

त्याखालोखाल प्रश्न खाण्याचा, आणि बहुतेकांची संध्याकाळ इथेच बिघडते. पहाटे उपाशीपोटी किंवा चहावर धावता येते, कारण आदल्या रात्रीचे जेवण जिरलेले असते. संध्याकाळी मात्र पोट एकतर दुपारच्या जेवणाने जड असते, नाहीतर सहा तासांच्या उपासाने रिकामे. दोन्ही वाईट. दुपारच्या डब्यात पोळी, भाजी, वरण-भात असावा, पण पोटाला तडस लागेपर्यंत जेवू नये. धावण्याच्या तास-दीड तास आधी एखादे केळे, दोन खजूर किंवा मूठभर फुटाणे पुरतात. चार वाजता कार्यालयात येणारे वडे-समोसे तेवढे टाळावेत. तेलकट पदार्थ पोटात रेंगाळतात आणि तिसऱ्या किलोमीटरला घशाशी येतात. पाणी सकाळपासून थोडे थोडे प्यावे. निघताना तांब्याभर पाणी एकदम प्यायले तर ते पोटात डुचमळते आणि दिवसभराची तूट त्याने भरून निघत नाही.

झोपेबद्दलची भीती मात्र वाजवीपेक्षा मोठी आहे. हलके धावून आल्यावर बहुतेकांची झोप बिघडत नाही. जोराचा सराव, म्हणजे वेगाच्या फेऱ्या किंवा चढ, झोपण्याच्या तासाभरात संपवला तर डोळा लागायला वेळ लागतो. असा सराव दोन-तीन तास आधी उरकावा आणि संध्याकाळचा चहा-कॉफी आवरती घ्यावी. कॉफीतले कॅफिन निम्मे उतरायलाच सरासरी पाच तास लागतात.

रस्ता हा शेवटचा आणि शहरात सर्वांत अवघड भाग. पहाटे मोकळे असणारे मरीन ड्राइव्ह संध्याकाळी फिरायला आलेल्यांनी भरते, शिवाजी पार्कात खेळ रंगात असतात. रहदारीच्या वेळी मुख्य रस्त्याकडेने धावणे म्हणजे धूर छातीत भरून घेणे. शाळेचे मैदान, बाग किंवा वस्तीतली आतली गल्ली बरी. रस्त्यावरच धावायचे तर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे धावावे आणि अंगावर चमकती पट्टी असावी. महाराष्ट्रात डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे हिवाळ्यात बहुतेक सराव अंधारातच होतो. एकट्या बाईला अंधाऱ्या रस्त्यावर धावायला सांगणे योग्य नाही. दिवे आणि वर्दळ असलेले मैदान मिळवून देणे ही तिची एकटीची जबाबदारी नसते.

संध्याकाळ अंगवळणी पडली तरी एक सकाळ राखून ठेवावी. मुंबई मॅरेथॉनसह आपल्याकडच्या बहुतेक लांब पल्ल्याच्या शर्यती पहाटे किंवा सकाळी लवकर सुटतात. शर्यतीची तयारी करणाऱ्याने आठवड्यातली लांबची धाव रविवारी पहाटेच घ्यावी, मात्र शनिवारची संध्याकाळ विश्रांतीची ठेवावी. शनिवारी रात्री आठला संपलेल्या धावण्यानंतर रविवारी पाचला पुन्हा उभे राहणाऱ्या पायांना विश्रांतीचे जेमतेम नऊ तास मिळतात.